खण का गाठोडं?

...नाही, मला शांत बस म्हणूच नका! दिवाळीपासून माझ्या घरात चहा गार होतो, पोळी करपते, अन् हे दोघं नवरा-बायको भांडतात कशावरून, माहितीये? सोन्यावरून? सासूवरून? छे! डेटाबेसवरून! खण का गाठोडं, खण का गाठोडं... डोकं पिकलं माझं, केस तर आधीच पिकलेत!

तुम्हाला सांगते, हेमराज माझा नातू अन् योगिता त्याची बायको, दोघंही कॉम्प्युटरवाले. सुरतेत आपल्या खान्देशातल्या लोकांची लग्नं जमवायला समाजाला एक ॲप पाहिजे होतं, ते पडलं यांच्या गळ्यात अन् यांचं भांडण माझ्या गळ्यात! हेमराज म्हणतो, टेबलं करू. म्हणजे कपाटाला खण असतात ना, तसं... नावाचा खण, बापाचा खण, उंचीचा खण, सगळ्यांना तेच खण. योगिता म्हणते, "डॉक्युमेंटवालं घ्या ना, ज्याचं त्याचं गाठोडं! असेल ते भरा, नसेल ते सोडा!" की हा उसळलाच, "अन् तुझा सुकलाल मामा पन्नास भाच्यांच्या गाठोड्यांत लिहिलेला, तो मेला तर त्याला पन्नास ठिकाणी मारत बसू? माझ्याकडे एकदा मारला की मेला!" अहो, तो सुकलाल समोरच बसून खिचडी खात होता! घास हातातच राहिला बिचाऱ्याचा!

मी म्हटलं, भांडा, मला काय! पण चंचलचं नाव टाकायची वेळ आली ना... चंचल माझ्या मेलेल्या लेकीची पोरगी, मीच वाढवली, साडीवर असे खडे लावते की व्यापारी भेस्तानला घर शोधत येतात. तिचा बाप? पोरगी पोटात असताना जो गेला तो गेला, मुडदा! चंचल म्हणते, आजी, त्याचं नाव लावून मला लग्नच नाही करायचं. बरोबर आहे का नाही? पण हा हेमराज... "आजी, बापाचा खण रिकामा नहीं चाले. ओळच आत जात नाही." म्हटलं, ओळ गेली खड्ड्यात, पोरीला आत घे! "सिस्टीम घेत नाही." अरे, सिस्टीम केली कोणी? तूच ना? मग तिच्या आड काय लपतो!

तिकडून योगिता, "माझ्या गाठोड्यात बसते चंचल!" बसते गं, पण सापडते का? कोणी लिहिलं उंची, कोणी हाइट, एकीनं तर लिहिलं, 'दारातून वाकून जाते'. आता शोधा! खण का गाठोडं... दोन्हीला काडी लावा!

मग मी काय केलं... चौथी शिकलेली बाई मी, एका बोटानं टाइप करते, पण हेमराजच्या ॲपात एक स्थळ भरलं. नाव रंभा. बापाचं नाव राजा. रंग सावळा. स्वभाव शांत. शिक्षण घरचंच. मामाचं गाव मेहसाणा. गुण, पहाटे उठते, घर दुधातुपानं भरते. एक खण रिकामा नाही. अन् घेतलं की हो! गपकन गिळलं!

रविवारी पर्वत पाटियाला समाजाच्या हॉलात सगळे जमले, भिंतीवर मोठा पडदा, त्यावर ॲपातली स्थळं, अन् अध्यक्ष धुडकूभाऊ घसा साफ करून वाचतात, "वा वा, रंभा! शांत, पहाटे उठणारी, घर दुधातुपानं भरणारी... अशा मुली राहिल्यात कुठं? सरलाबाई, कोणाची हो?"

"लोटू गवळ्याची."

"लोटूला मुलगी आहे?"

"मुलगी नाही, म्हैस आहे!"

धुडकूभाऊंनी पाणी मागितलं. मी उभीच राहिले, म्हटलं, हेमराज, म्हशीला बाप आहे म्हणून म्हैस तुझ्या खणात बसली, अन् तुझी सख्खी आतेबहीण दाराबाहेर? खण का गाठोडं ते घाल चुलीत, कुलूप कोणी लावलं ते सांग!

पोऱ्याचं तोंड एवढंसं झालं. घरी आला, दोन बटणं दाबली, खाली मान घालून म्हणतो, "आजी, बापाचा खण आता रिकामा चालतो." दोन बटणं! दोन बटणांसाठी दिवाळीपासून माझा चहा गार! अन् रंभाला काढायचं विसरलाच की तो! चंचल हातातले खडे खाली ठेवून फोनवर आपलं नाव बघत बसली.

परवा फोन आला. कामरेजहून, शेतीवालं घर, पोरगा एकुलता एक! मी पदर सावरला... फोनवर कोण बघतंय, पण सावरला! म्हटलं, बोला, आमची चंचल म्हणजे... तर तिकडून पोराचा बाप, "चंचलचं बघितलं हो, पण तो बापाचा खण रिकामा दिसतोय... ती रंभा, तिचं जमलं का कुठं?"

आता बोला! शेजारी चंचल तोंडात ओढणी कोंबून हसतेय, अन् मी काय सांगणार त्या शहाण्याला? म्हटलं, नाही जमलं अजून, या बघायला... फक्त येताना पेढे नका आणू, वैरण आणा!