कानाला लोंबणारा शंख

दवाखान्यात मी माझा गुडघा धरून बसले होते, तेवढ्यात समोरच्या बाकावर एक जोडपं येऊन टेकलं. नवऱ्याच्या कानाला शंख लोंबत होता आणि शंखातल्या खेकड्याने कानाची पाळी नांग्यांत घट्ट धरली होती. बायकोच्या मांडीवर शंखांनी भरलेली पिशवी. दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये म्हणतात, पण म्हणणाऱ्यांना असं कधी ऐकायला मिळालेलं नसतं.

"रिकामा आहे म्हणालात ना?"

"अगं, समुद्र ऐकू येतो का बघत होतो."

"आला का मग?"

"आधी समुद्र आला. मग हा आला."

"त्याला घर लहान पडतंय, म्हणून चिडलाय. मोठं दाखवलं की कान सोडून तिकडे जाईल. हा पट्ट्यापट्ट्यांचा धरते."

"सोडतोय का?"

"ढुंकूनसुद्धा बघत नाही. काटेरी दाखवू?"

"काट्यांच्या घरात राहायला कोण जातं? मी एकटाच, तुझ्या माहेरी."

"गप्प बसा. हा भोवऱ्यासारखा बघू. हाही नको म्हणतोय. तळाला रुमालात काय गुंडाळलंय?"

"ते राहू दे."

"अगंबाई, किती देखणा. जिन्यासारखा वळत गेलाय आणि ओठाशी गुलाबी. अहो, बघा, त्याने एक नांगी सोडली."

"झाक तो आधी."

"अहो, सुटताय तुम्ही."

"तसला पुन्हा जन्मात मिळायचा नाही. झाक म्हणतो ना."

"आणि कान?"

"कान मला दोन आहेत."