बाण खाली, बाण वर

आगाशीच्या बसथांब्यावर माझ्यापुढे दोघीजणी उभ्या होत्या.

"हे बघा वहिनी! रोशनीच्या दंडावरचं यंत्र तिची शुगर इथं माझ्या मोबाईलवर दाखवतं. ती तिकडे नालासोपाऱ्यात कबड्डी खेळतेय!"

"हंसा, इन्शुलिनवरच्या पोरीला खेळायला पाठवलंस?"

"तिनंच हट्ट धरला. अगं बाई, सत्तर! बाण खाली, शुगर अजून उतरतेय!"

"सरांना फोन लाव आधी!"

"हॅलो सर, रोशनीला बसवा! काय? वहिनी, ती आपणहून बाहेर आलीय. ग्लुकोज प्यायली, आता वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी खातेय!"

बस येईना.

"आता किती?"

"ऐंशी... थांबा, पंच्याण्णव! बाण वर! परत मैदानात उतरणार बघा ती!"

"आली आपली बस. चल घरी."

"तुम्ही व्हा पुढे. मी नालासोपाऱ्याची पकडते. तिला खेळताना मी कधी बघितलंच नाही."