वगळलेली एक ओळ

आजच्या सभेचे अध्यक्ष, बंदर कचेरीचे प्रमुख माननीय रावसाहेब. सत्कारमूर्ती, त्याच कचेरीत हवामानाचा पारा नोंदवणारे आणि आता बदलीवर निघालेले श्रीयुत हरिश्चंद्रराव शिवलकर. आमच्या साप्ताहिकाचे संपादक आणि छापखान्याचे मालक भिकाजीपंत. तसेच जमलेल्या सर्व बंधुभगिनींनो,

आज रविवार, दिनांक १८ मार्च १९३४. पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी मी छापखान्यात या मानपत्राचे खिळे, एकेक अक्षर, जुळवत होतो. "रावसाहेबांस लिहून दिल्याप्रमाणे शिवलकर यापुढे लेखणी खाली ठेवीत आहेत" या ओळीशी माझा हात थांबला. मला फक्त मानपत्र वाचायचे आहे, हे मी जाणतो. पण मी चार शब्द आधी बोलणार आहे. भिकाजीपंत, कृपा करून घंटी वाजवू नये.

मी केरू, भिकाजीपंतांच्या छापखान्यातला जुळारी. मराठी चौथीपर्यंत शिकलो. शिवलकरांच्या साप्ताहिकातल्या, अकरा वर्षांतल्या एक्केचाळीस कथा मीच जुळवल्या. पालीहून कोल्हापूरला अर्ध्या तासात नेणारे विमान, समुद्राच्या तळाशी वसलेले गाव, चंद्रावरची शेती! एकदा मी त्यांना विचारले, "मास्तर, चंद्रावर खिळे हलके लागतील का हो?" ते म्हणाले, "वजन कमी भरेल रे केरू, चुका मात्र तेवढ्याच भरतील."

हसा, हसा. मलाही तेव्हा हसू आले होते.

दोन फेब्रुवारीच्या अंकात त्यांची वादळ आधी ओळखणाऱ्या यंत्राची कथा आली. मंगळवारी, सहा तारखेला, आपल्या मांडवी बंदरासमोर समुद्र उभा राहील, असे ते यंत्र सांगते. पुढे काय झाले, हे कोणाला ठाऊक नाही? मंगळवारी आभाळ निरभ्र, आगबोट बाहेर उभी राहून भोंगे देते आहे आणि उतारूंना तिच्यापर्यंत नेणारा एकही पडाव सुटत नाही. मी धावत बंदरावर गेलो. पडाववाल्यांचे म्होरके बाबल्या तांडेल वाळूत पाय रोवून उभे.

"अरे, ती गोष्ट हाय, तांडेल!"

"गोष्ट? मग तसं लिवलंय कुठं? रोज सकाळी पारा बघनारा मानूस लिवतो, त्यास नाय कळायचं तर काय तुला कळनार, शाईवाल्या?"

तांडेल, मागे बसून मान काय हलवता? तुमचे म्हणणे बरोबर होते. तसे कुठेच लिहिलेले नव्हते.

कारण सांगतो. दर कथेच्या माथ्यावर "कल्पित कथा" अशी ओळ असते. त्या दिवशीही ती होती. शिवलकरांनी छपाईआधीचे मुद्रित तपासून सही केली. नंतर आगबोटीच्या वेळापत्रकात एक ओळ वाढली आणि पान बसेना. अकरा वर्षे लोक यांना ओळखतात, आता "कल्पित" कशाला सांगायचे, असे म्हणून मी ती ओळ काढली. कोणालाही न विचारता.

पंधरा माणसांची आगबोट चुकली. काशीराम वेळेत हजर झाला नाही म्हणून त्याची मुंबईच्या गिरणीतली जागा गेली. राहीवहिनी, काशीरामच्या घरच्या तुम्ही समोर बसला आहात. माझी मान वर होत नाही.

त्याच संध्याकाळी मी शिवलकरांकडे गेलो. ते म्हणाले, "गप्प राहा. तुझी नोकरी जाईल, माझी फक्त बदली होईल." पण बदलीवर भागले नाही. यापुढे कथा लिहिणार नाही, असे रावसाहेबांनी त्यांच्याकडून लिहून घेतले. हे मला मानपत्र जुळवताना, आज पहाटे कळले. बारा तास मी काय करावे ते सुचत नव्हते. आता मास्तर मला डोळ्यांनी खुणावत आहेत, बस म्हणून. नाही मास्तर, आज नाही.

रावसाहेब, हे ते मुद्रित. ही त्यांची सही, आणि ही वर ती ओळ. मी जपून ठेवले होते. कशासाठी, ते मलाच कळत नव्हते. आपल्यासमोर ठेवतो.

मानपत्रातली लेखणी खाली ठेवण्याची ओळ मी जुळवलीच नाही. तिथे जागा कोरी आहे. भिकाजीपंत, उद्यापासून कामावर येऊ की नको, ते आपण सांगावे.

आपण सर्वांनी माझे ऐकून घेतलेत, त्याबद्दल आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झाले असेल तर ते पोटात घालावे. मी काढलेली "कल्पित कथा" ही ओळ मात्र पोटात घालू नये. ती माझ्या नावावर मांडावी आणि मास्तरांनी लिहून दिलेला कागद त्यांना परत करावा. रावसाहेब, बदलीच्या गावी नेणारी त्यांची आगबोट उद्या सकाळी साडेनऊला आहे.