झाकण बंद, फुलं नकोत

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आपल्या अंत्यविधी केंद्रातील माझे सहकारी आणि उपस्थित बंधुभगिनींनो,

सव्वीस वर्षं शववाहिका चालवली. आज निवृत्तीच्या निरोपाला एवढं कौतुक ऐकून पहिली शंका आली, मी अजून जिवंत आहे ना? माणसाबद्दल इतकं चांगलं एरवी कधी बोलतात, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

मी स्वभावानेच संशयी. कुलूप लावलं तरी दोनदा ओढून बघतो. म्हणूनच समोर बसलेल्या आमच्या नोंदणीच्या बाईंवर वर्षभर माझी नजर होती. गांगरलेल्या घरच्यांना सगळं समजावणं हे त्यांचं काम. अंत्यविधीत देह समोर असतो, स्मृतिसभेत नसतो. अंत्यदर्शन म्हणजे शवपेटीचं झाकण उघडं ठेवणं, आणि नको असेल तर नको म्हणता येतं. दहाव्यांदा विचारलं तरी त्या तितक्याच शांतपणे सांगतात.

पण एका दुपारी चहा पिताना त्यांनी मलाच विचारलं, दादा, तुम्हाला झाकण उघडं आवडेल की बंद? म्हटलं, बंद. आठवड्याने फुलांचं विचारलं. नकोत, मला शिंका येतात. मग उंची विचारली. आता सांगा, निवृत्तीला आलेल्या माणसाची उंची कुणाला कशाला हवी? निवृत्तीआधीच्या वैद्यकीय तपासणीत काहीतरी निघालंय आणि माझ्यापासून लपवताहेत, अशी माझी खात्रीच पटली. दोन डॉक्टरांना दाखवून आलो. दोघंही ठणठणीत म्हणाले, तर मला दोघांचाही संशय आला.

शेवटी मागच्या सोमवारी त्यांच्या टेबलावर माझ्या नावाचा, अंत्यविधीच्या आगाऊ नोंदणीचा अर्ज दिसला. सगळा भरलेला. जवळच्या नातेवाइकाच्या रकान्यात त्यांचं नाव, आणि नातं, बहीण. मला सख्खं कुणी नाही, हे आपण सगळे जाणता. मी चिडलो. कागदावर खोटं लिहिलंय, म्हणालो. त्यांनी पेन पुढे केलं.

"मग खोडा, दादा. पण तुमच्या वेळेला झाकणाचं कुणाला विचारायचं, तेवढं सांगून जा."

मला खोडता आलं नाही. सहीही झाली नाही. अर्ज घरी नेला आणि यात त्यांचा काय फायदा, हे आठवडाभर शोधत बसलो. सापडलं नाही. मग मात्र फार रडलो.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, आपणा सर्वांचे मनापासून आभार. संशयापायी कुणाला टोचून बोललो असेन, तर ते पोटात घालावं. ताई, हा तुमचा अर्ज. सही केली आहे. फुलांचं उत्तर तेवढं बदललंय, थोडी असू द्या. तेव्हा शिंका यायच्या नाहीत, असं वाटतं. अर्थात, खात्री नाही.