फ्लॅशमधली वच्छलाबाई

...आन मंग त्या म्हाताऱ्याला सांगायचं तरी कसं, तुमीच सांगा! फ्लॅश बंद झालं म्हनं! कावून बंद झालं? कुनाला इचारून? तुमाला सांगतो, वडवणीच्या सुंदररावाला प्लगइन कशाशी खात्यात ते ठावं न्हाई, पर ते गेलं आन मानसाची बायको दुसऱ्यांदा गेली!

झालं काय, त्याचा पोरगा आदिनाथ बीडला कंप्युटर शिकायला गेलता. तवा ब्राउझरमधी चित्र हालवायचं, बोलवायचं तर फ्लॅशच लागायचं. ह्यानं आईचा फोटो टाकला, तिचा आवाज भरला, स्क्रिप्ट लिव्हली, आन फोटोवर क्लिक केलं की वच्छलाबाई तिच्याच आवाजात वरडनार! दर टायमाला येगळं! "आलात का? पाय धुवा आधी!" पुन्ना दाबलं की, "किती येळा दाबता? मला काय काम न्हाई व्हय?" लई हासायचो आमी शेजारी.

मंग एक दिस फ्लॅश बंद झालं म्हनं! तवा कुनाला फिकीर? खरी बाई घरात जिती, रोज वरडत व्हती!

आन त्याच साली, दोन हजार एकवीसला, कोरोनात वच्छलाबाई गेली. दवाखान्यातून आलीच न्हाई, तोंडसुदिक बघू दिलं न्हाई...

तेरावं झालं न सुंदरराव म्हनतो, "आदिनाथ, लाव की ते." लावलं, तर नुसता करडा चौकोन! म्हातारा दाबतोय, दाबतोय... "बोलंना रं ही. रुसली का?"

आदिनाथ पळाला बीडला, जुने कंप्युटर दुरुस्त करनाऱ्या ख्वाजाकडं. ख्वाजा म्हनला, "अरे मियाँ, अब्बा को व्हिडिओ बनाके दे ना!" दिला बनवून, मोबाईलमधी. म्हाताऱ्यानं ऐकला आन फोन परत दिला. "ह्यात ती एकटीच बडबडती. मी हात लावला तर बोलाया पायजे न्हवं?"

फ्लॅश बंद झालं म्हनं! पुन्ना ख्वाजा. त्यानं जुना ब्राउझर टाकला, कंप्युटरची तारीख मागं नेली, दोन हजार वीसवर. मशीनला वाटलं, बंद व्हायला अजून येळ हाय! म्हाताऱ्यानं बोट लावलं...

"आलात का? पाय धुवा आधी!"

तुमाला सांगतो, सुंदरराव उठला न खरंच मोरीत गेला. आमी कुनी हासलो न्हाई.

आदिनाथ म्हनला, "नाना, आता तारीख नीट करतो." म्हातारा म्हनला, "ठिव तशीच. ह्या तारखंला ती हाय."

झालं! त्या घरात दोन हजार वीस सरतच न्हाई. तारीख चुकल्याली, म्हनून त्या कंप्युटरवर दुसरी एक वेबसाईट उघडंना. लाईट बिल भरायला आदिनाथ माझ्याकडं येतो, चहा पितो, अर्धा घंटा बसतो. बसू दे... त्याला तरी कुटं घाई हाय घरी जायची!