घाटात आडवं आलेलं जनावर

गॅरेजच्या बाकावर एक शिवणकाम करणारी बाई आपल्या स्कूटरची वाट बघत बसली होती. शेजारी एक भाऊ-बहीण गाडीचा फुटलेला दिवा बदलून मिळायची वाट बघत होते. त्यांची म्हातारी आई समोरच्या खुर्चीत डोळे मिटून बसली होती. बाईचे कान आपसूक त्यांच्या बोलण्याकडे लागले.

“दादा, ते तरस नव्हतं.”

“मग काय होतं?”

“मला काय ठाऊक! वासराएवढं अंग आणि पाय हे एवढे लांब. भर दुपारी घाटात मधोमध उभं.”

“अगं, धुकं होतं. धुक्यात काहीही दिसतं.”

“हॉर्नलाही हललं नाही. तू गाडी कठड्यावर घातलीस, तरी आपल्याकडे बघितलं नाही. सरळ मागच्या दाराशी गेलं, आईकडे.”

“खायला मागत असेल.”

“आणि आईनं काच खाली केली.”

“तिला नीट दिसत नाही. कुत्रं वाटलं असेल.”

“कुत्र्याला कुणी ‘तू हो पुढे, मी आलेच’ म्हणतं? बाबा होते तेव्हा त्यांना म्हणायची, अगदी तसंच म्हणाली.”

“हळू बोल, जागी होईल.”

“मग ते वळलं आणि आपल्या गावाच्या दिशेनं चालू लागलं.”

भावानं एकदा आईकडे बघितलं.

“जाताना घाट नको. लांब पडला तरी नदीकडचा रस्ता धरू.”

म्हातारीनं डोळे न उघडताच अंगावरची शाल सारखी केली.

“कुठूनही न्या रे. घर माहीत आहे त्याला.”