बाकड्याखालची कॉइल

जबाब देणाऱ्याचे नाव अतुल वासुदेव गुल्हाने, वय ४३ वर्षे, धंदा ऑटो इलेक्ट्रिशियन, राहणार दारव्हा, जिल्हा यवतमाळ.

बाबूसिंग खेमसिंग आडे यांच्या आकस्मिक मृत्यूच्या मर्ग चौकशीत मला ठाण्यात बोलावले म्हणून आलो. साहेबांसमोर बसून, विचारतील तसे सांगतो की, वरील पत्त्यावर मी बायकोमुलांसह राहतो. बोरी अरबकडे जाणाऱ्या रस्त्याला माझे दुकान आहे. गाड्यांची वायरिंग, कपलर, लाइट, सेल्फ, हॉर्न एवढीच कामे करतो. इंजिनाला हात लावत नाही. ज्याचे काम त्यानेच करावे. या रस्त्याला वायर मुरगाळून वर टेप गुंडाळणारे मिस्त्री खूप आहेत. मी जोड सोल्डर करतो. चुकीचे जोडलेले माझ्या नजरेला खपत नाही, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

मयत बाबूसिंग हा बोरी अरबजवळच्या तांड्यावरचा. आधी तो सवारीची जीप चालवायचा, अलीकडे त्याचा मुलगा जीवन चालवतो. मयताला सवारी गाड्यांची सगळी लाईन नायक म्हणायची, मीही म्हणायचो. तांड्यावरच्या जीपा माझ्याकडेच येतात, त्यामुळे त्यांची बोली मला अर्धीअधिक येते. मयताशी माझे भांडण नव्हते. उलट तो दुकानात आला की दिवस मजेत जायचा.

बाकड्याबद्दल विचारले असता सांगतो की, दुकानासमोर लोखंडी बाकडे आहे. त्याच्या खाली जुन्या गाडीची कॉइल बसवलेली आहे आणि तिचे बटण माझ्या टेबलाला आहे. बटण दाबले की बसणाऱ्याला झटका बसतो. हे मी नवीन काढलेले नाही. माझ्या उस्तादाच्या दुकानातही असेच बाकडे होते आणि मी स्वतः त्यावर शिकलो. नवीन ड्रायव्हर लाईनवर आला की जुने ड्रायव्हर त्याला मुद्दाम आणून बसवतात. आजपर्यंत कोणी तक्रार केली नाही. मजाक सहन होत नाही त्याने लाईनवर येऊ नये.

मयताची गोष्ट वेगळी होती. दुसरे लोक उडी मारून शिव्या देतात. तो "हाय याडी", म्हणजे आई गं, म्हणून आडवा पडायचा, हातपाय ताणायचा, डोळे पांढरे करायचा आणि चहा येईपर्यंत उठायचा नाही. चहाचा ग्लास डोक्याजवळ ठेवला की एक डोळा उघडून विचारायचा, "साखर टाकली का?" त्याचे हे पडणे पाहायला बाजारातले लोक थांबत. तो स्वतःच येऊन बसायचा. त्याला आम्ही कधी जबरदस्ती केली नाही.

पोळ्यानंतर माझी त्याची भेट नव्हती. तो का येत नाही याची मी चौकशी केली नाही. मला कामे असतात.

घटनेच्या दिवशी सकाळी जीवन त्याची जीप घेऊन आला. सोबत मयत आणि मयताची बायको चंदाबाई होती. त्यांना पुढे दवाखान्यात दाखवायला जायचे होते असे जीवन म्हणाला. कोणत्या कारणासाठी ते मी विचारले नाही. जीपमध्ये ब्रेक दाबला की इंडिकेटर लागत होता. मी मागच्या वायरी जोडणारा कपलर उघडला. गाडी धुऊन धुऊन आतल्या पिना हिरव्या पडल्या होत्या आणि अर्थची वायर कोणीतरी गठडी बांधावी तशी बांधून ठेवली होती. मी कपलर कापून टाकला आणि जीवनला नवीन आणायला चौकात पाठवले. तसा कपलर माझ्या दुकानात होता काय असे साहेबांनी विचारले. होता, पण तो दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी ठेवलेला होता.

चंदाबाई जीपमध्येच बसून होती. मयत बाकड्यापासून लांब, टायरच्या ढिगाजवळ उभा होता. मी म्हणालो, "नायक, उभा काहून राह्यला? बस न." तो म्हणाला, "नाही भाऊ, मी उभाच बरा." मी म्हणालो, "कॉइल काढून टाकली मी. आता तं बँकेचे साहेब बसतात त्याच्यावर." कॉइल काढलेली नव्हती. पण तसे सांगितल्याशिवाय कोणी बसत नाही, ती त्या मजाकीची रीतच आहे. तो तरी बसेना. तेव्हा मी म्हणालो, "नायक, म्हातारा झाला तू. भेला." समोरचे दोन ड्रायव्हर हसले. मग तो आला आणि बसला. बसताना त्याने हाताने बाकडे चाचपून पाहिले. मी हात वर करून दाखवले आणि बटण गुडघ्याने दाबले.

तो बाजूला पडला. या वेळी "हाय याडी" म्हणाला नाही. लोकांना वाटले नायकाने नवीन काहीतरी बसवले आहे. एकाने शिट्टी वाजवली, चहा सांगितला. चंदाबाई जीपमधून उतरून धावत आली आणि हात हलवून त्यांच्या भाषेत काहीतरी बोलत होती. ती भाषा मला येत नाही. तिने त्याचे पडणे आधी कधी पाहिलेले नव्हते, म्हणून तिच्या घाबरण्याचेही लोकांना हसू आले. खरे सांगायचे तर मलाही आले. तो उठावा म्हणून मी पुन्हा बटण दाबले. त्याचा एक पाय बाकड्यावरच राहिला होता. नेहमी दुसऱ्या झटक्याला तो उठून बसायचा.

चहा आला. ग्लास त्याच्या डोक्याजवळ ठेवला. शेजारी रेडिएटरचे काम करणारा संघदीप पाहायला आला होता. त्याने खाली बसून मयताच्या नाकाशी हात धरला आणि मला म्हणाला, "अतुल भाऊ, हे नाटक नोहे. बटन सोड." बटण मी तेव्हा दाबलेले नव्हते. संघदीप उगीच बोलला, हे नमूद करावे.

तेवढ्यात जीवन कपलर घेऊन आला. बापाला जीपमधून न्यायचे म्हणाला. जीपची मागची वायरिंग उघडी होती, वायरी लोंबत होत्या, तशी गाडी रस्त्यावर गेली असती तर शॉर्ट झाली असती. उघड्या वायरची गाडी मी दुकानातून सोडत नाही. म्हणून संघदीपने त्याच्या मालाच्या ऑटोत घालून दवाखान्यात नेले. तिथे बाबूसिंग मरण पावल्याचे सांगितले, असे मला मागाहून समजले. मी सोबत गेलो नाही. दुकान उघडे टाकून जाता येत नाही.

जीपचे काम मी त्याच दिवशी पूर्ण केले. कपलर नवीन टाकला, अर्थ सोल्डर केला, आता ब्रेकला फक्त ब्रेकचाच लाइट लागतो. गाडी दुकानासमोर तयार उभी आहे. घेऊन जायला कोणी आलेले नाही.

विचारले असता सांगतो की, मयताच्या छातीत उजव्या बाजूला हृदयाचे ठोके चालवणारी मशीन बसवलेली होती, हे मला आज ठाण्यात साहेबांनी सांगितल्यावरच कळले. आधी माहीत असते तर मी त्याला बाकड्याजवळ उभेही राहू दिले नसते. मला त्याच्या मरणाचे वाईट वाटते. जे झाले ते मजाकीत झाले. होणारे चुकत नाही.

वरील जबाब मला मराठीत वाचून दाखवला. तो ऐकून एका ठिकाणी दुरुस्ती सांगतो. मशीन उजव्या बाजूला लिहिली आहे, ते चूक आहे. मशीन डाव्या बाजूला होती, गळ्याच्या हाडाच्या चार बोटे खाली, आगपेटीएवढी. वायर तिथून आत गेलेली होती. दसऱ्याला मयत दुकानात सोने द्यायला आला तेव्हा गळाभेटीत ती मला लागली. तो म्हणाला होता, "हळू, भाऊ." मग शर्टाचे बटण काढून त्याने सगळ्यांसमोर दाखवली. मी बोट लावून पाहिली. "याले म्हणतात वायरिंग, अतुल भाऊ. नागपूरच्या डाक्टरची. तुह्यं बाकडं आता माह्यासाठी बंद," असे तो म्हणाला आणि लोक माझ्यावर हसले होते.

साहेबांनी ही दुरुस्ती नक्की लिहायची काय असे दोनदा विचारले. लिहायची. चुकीचे लिहिलेले राहू नये. एवढी दुरुस्ती धरून बाकीचा जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून खाली सही करतो.

सही/-
अतुल वासुदेव गुल्हाने